‘अकिलीस’ ते ‘दिल्ली’ : एका क्रूझरची तीन आरमारांतील सेवा

युद्धनौकेचे हस्तांतर म्हणजे केवळ ध्वजबदल नव्हे. नौका तीच राहूनही तिचे प्रयोजन पालटते. १९३२ साली जलावतरण झालेली ब्रिटिश क्रूझर ‘अकिलीस’ हे याचे बोधप्रद उदाहरण होय. डिसेंबर १९३९ मध्ये प्लेट नदीच्या मुखाबाहेर तिने जर्मन ‘ग्राफ स्पे’शी झुंज दिली. १९४१ मध्ये ती न्यूझीलंडच्या आरमाराची झाली, तर १९४८ मध्ये भारताने ती विकत घेऊन ‘दिल्ली’ हे नाव दिले. युद्धोत्तर काळात ती कालबाह्य ठरू लागली होती; परंतु नवोदित भारतीय आरमाराला ती प्रथम ध्वजनौका आणि पुढे प्रशिक्षणनौका म्हणून लाभली. १९६१ मध्ये दीवच्या किनाऱ्यावर तिच्या सहा इंची तोफा पुन्हा कडाडल्या. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. हस्तांतरित नौकेचे मोल तिच्या वयावरून नव्हे, तर तिच्यावर घडलेल्या खलाशांवरून ठरते.