कोटेशनमधल्या कोणत्या ओळीवर अडून बसायचं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शोरूममधला विक्रेता जरा जास्तच गोड बोलतो. 1 जानेवारीला त्याच्या स्टॉकमधली गाडी कागदोपत्री एका वर्षाने जुनी होते. चासी नंबरात उत्पादनाचा काळ सांकेतिक अक्षरांत कोरलेला असतो, तो लपत नाही. सवलत मिळते ती इथे. पण पुढे गाडी विकताना तेच वर्ष भाव पाडतं. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

आरटीओच्या करावर घासाघीस व्यर्थ. खरी जागा विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि ‘हँडलिंग चार्जेस’ या ओळींत. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की तिथला आकडाही बऱ्याचदा खाली येतो.

पहिला आकडा मात्र डोक्यात घर करतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1974 मध्ये मांडलेला प्रयोग गमतीशीर आहे. चक्र फिरवायचं, ते 10 किंवा 65 वरच थांबे. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक 25 निघाला, 65 वाल्यांचा 45! म्हणूनच शोरूममध्ये शिरण्याआधी दोन-तीन ठिकाणची लेखी कोटेशनं खिशात हवीत.

‘महिन्याला फक्त इतकाच हप्ता’ हाही असाच आकडा. आठ लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज: पाच वर्षांऐवजी सात वर्षं घेतली तर हप्ता सुमारे 3,700 रुपयांनी उतरतो, आणि एकूण व्याज 85 हजारांच्या आसपास वाढतं.