चंद्राच्या कडेने मोजलेले तारे

रोहिणी ही चंद्राची लाडकी बायको. तो तिच्याकडेच रमतो, अशी तक्रार बाकीच्या सव्वीस जणींनी बापाकडे, दक्षाकडे, नेली होती. आकाशात ही जवळीक आजही दिसते. चंद्र कधीकधी रोहिणी ताऱ्याच्या थेट पुढून जातो आणि ती झाकली जाते. याला पिधान म्हणतात. 2015 ते 2018 या काळात तर अशा पिधानांची रांगच लागली होती. बघणाऱ्याला ती गंमत वाटते, खगोलशास्त्रज्ञाच्या हाती मात्र फूटपट्टी येते.

रोहिणीचा व्यास सूर्याच्या सुमारे 44 पट आहे, पण 65 प्रकाशवर्षांवरून ती नुसता ठिपका दिसते. चंद्राची कडा तिच्यावर सरकते तेव्हा प्रकाश एका झटक्यात जात नाही. किंचित हेलकावे घेत उतरतो. हा सगळा मामला सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो. तेवढ्यात भराभर नोंदी घेतल्या, की त्या उतरणीवरून ताऱ्याची रुंदी काढता येते.

अशा नोंदी घेणारी दुर्बीण आपल्याकडेही आहे. दमणगंगेकाठच्या सिल्वासाहून जवळजवळ त्याच रेखांशावर सरळ उत्तरेला, साधारण पाचशे किलोमीटरवर, माउंट अबूचं गुरुशिखर आहे. तिथे 1680 मीटर उंचीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची 1.2 मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण आहे. हवेतली वाफ अवरक्त किरण गिळते, म्हणून उंच आणि कोरडी जागा हवी. सिल्वासाच्या दमट हवेत हे काम जमणं कठीण. पावसाळ्यात तर अबूवरची दुर्बीणही बंद ठेवावी लागते. या प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात मीन राशीतल्या टीएक्स पिशियम या ताऱ्याचा कोनीय व्यास चंद्रपिधानातून, अवरक्त प्रकाशात मोजला. अवरक्तच का? म्हातारे तांबडे राक्षसी तारे थंड असतात. तीन हजार अंशांच्या आसपास तापमान असलेला तारा आपला बहुतेक प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या भागातच टाकतो. शिवाय त्या प्रकाशात चंद्राचा झगझगाटही कमी त्रास देतो.

टीएक्स पिशियम हा कार्बन तारा आहे, आणि खरी मौज इथेच आहे. उतारवयात ताऱ्याच्या पोटात हेलियम जळून कार्बन तयार होतो आणि उसळ्या घेत पृष्ठभागावर येतो. तिथे कार्बन आणि ऑक्सिजन यांची गाठ पडली, की कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि तो सहसा फुटत नाही. मग दोघांपैकी जो जास्त, तोच शिल्लक राहतो. ऑक्सिजन उरला तर टायटॅनियम ऑक्साइड, पाण्याची वाफ आणि वाळूच्या जातीची धूळ. कार्बन उरला तर काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड. पॉलिश पेपरवर जी काळी खर असते, तेच हे सिलिकॉन कार्बाइड. वाळूच्या जातीची धूळ 9.7 मायक्रॉन तरंगलांबीला खूण सोडते, सिलिकॉन कार्बाइड 11.3 मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे धुळीआडचा ताराही कोणत्या घराण्याचा, हे ओळखता येतं. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत अशाच ताऱ्यांमधून आलेले सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले. ते सूर्याहूनही जुने आहेत.

1952 साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम आढळलं. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक टिकाऊ नाही. सर्वांत चिवट समस्थानिकाचं अर्धायुष्यही सुमारे 42 लाख वर्षं. ताऱ्याचं वय त्याच्या कितीतरी पट. याचा अर्थ ते तिथे अलीकडेच तयार झालं होतं. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात घडतात, याचा एवढा रोखठोक पुरावा दुसरा नाही.

इतकी उलथापालथ नसली, तरी आपल्या ओळखीचा स्वातीही ढवळलेला आहे. सूर्यात कार्बन-13च्या एका अणूमागे कार्बन-12चे सुमारे 90 अणू असतात. स्वातीत जेमतेम सात. आतल्या भट्टीत शिजलेला माल वर आल्याची ही खूण 2.3 मायक्रॉनच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांमध्ये दिसते. चंद्र मात्र स्वातीच्या वाटेला कधीच जात नाही, त्यामुळे त्याचं पिधान होत नाही.

सिल्वासा साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि स्वाती खगोलीय विषुववृत्ताच्या 19 अंश उत्तरेला. म्हणून तो सिल्वासाच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. मे अखेरीस रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जाऊन सरळ वर बघा. नारिंगी झाक असलेला ठळक तारा तोच. जूनचे ढग दाटायच्या आत हे उरकून घ्या.