ट्रकची सीट : कापड उतरवून चामडे चढविताना

ट्रकमालक बंधूंचा एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. गाडी कंपनीतून आली तेव्हा सीटला कापडी कव्हर होते. दोन-तीन वर्षांत ते काळे पडले, घामाचा वास बसला, दरवाजाकडची कड फाटली. आता त्या जागी चामड्याचे कव्हर घालावे काय, आणि ते काम आपल्या हाताने जमेल काय? आम्ही कापडाच्या धंद्यातले. कापडाविरुद्ध बोलणे आम्हांस परवडणारे नाही. तरी विचारले आहे तर खरे ते सांगितले पाहिजे.

कापडाचा मोठा गुण म्हणजे त्यातून हवा खेळते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गाडीत चढणाऱ्या माणसाला कापडी सीट भाजत नाही. पण कापड पिते. घाम, चहा, डिझेलचा हात, सिमेंटची धूळ, जे पडेल ते आत जाते आणि खालच्या फोमपर्यंत पोहोचते. वरून कितीही झटकले तरी ते निघत नाही. चामडे पुसता येते, आणि चांगले असेल तर कापडाच्या कितीतरी पट टिकते. मात्र बंद काचेआड तापलेले काळे चामडे म्हणजे तवाच. म्हणून पहिला विचार केबिनचा करावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. अशा गाडीत चामडे निर्धास्त घालावे. जुन्या, बिनएसीच्या गाडीत मात्र आमचा सल्ला वेगळा आहे. बसण्याचा मधला भाग जाड कापडाचाच ठेवावा आणि कडांना चामडे लावावे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो, त्यामुळे सीटची उजवी कड आधी फाटते. दिवसातून वीस वेळा चढ-उतार करणाऱ्याच्या गाडीत तेवढी एक कड चामड्याची केली तरी कव्हराचे आयुष्य वाढते. रंग काळा घेऊ नये; तपकिरी किंवा बदामी बरा.

आता बाजाराकडे वळू. दुकानात 'लेदर' म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे लेदर नसते. रेग्झीन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचे नाव. आज आपण कापडावर प्लास्टिकचा थर दिलेल्या सर्वच मालाला रेग्झीन म्हणतो. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त आहे, धुता येते, हजारो गाड्यांत चालते. तक्रार आहे ती रेग्झीन लेदरच्या भावाने विकण्याची. दुसरा प्रकार चामड्याचा भुसा गोंदात घोटून केलेल्या पत्र्याचा. त्याला बाँडेड लेदर म्हणतात आणि तो काही काळाने पापुद्रे टाकू लागतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. जाड कातडे चिरून दोन थर केले की खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्यावर प्लास्टिकची चमक चढवली की मागून अस्सल चामडे आणि पुढून प्लास्टिक! मागची बाजू पाहून माल पारखणारा इथे हमखास फसतो.

पारख करायची तर कापलेल्या कडेकडे पाहावे. रेग्झीनच्या कडेला विणलेले सूत दिसते, आणि ते आपल्या वाचकांपैकी निम्म्यांना डोळे मिटूनही ओळखता येईल. चामड्याच्या कडेला गुंतलेले बारीक तंतू दिसतात, आणि अस्सल वरच्या थरात ते तंतू पृष्ठभागाकडे जाता जाता दाट होतात. स्प्लिटमध्ये वर एक वेगळा, गुळगुळीत पापुद्रा स्पष्ट दिसतो. कडेचा तुकडा दुमडून नखाने ओरबाडला तर तो सुटूही लागतो. काडी ओढून जाळून पाहण्याची पद्धत आम्हांस पसंत नाही. त्यात मालही जातो आणि निष्कर्षही चुकतो, कारण अस्सल चामड्यावरही रंगाचा थर असतोच. दुकानदार बंधूंना एवढेच म्हणू की रेग्झीनला रेग्झीन म्हणूनच विकावे. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवून विकणे हा आपल्याकडे नुसता धंद्याचा रिवाज नाही.

काही वाचक पाक-नापाकची बाब विचारतात. दबागत झालेले, म्हणजे कमावलेले कातडे पाक होते. डुकराचे त्याला अपवाद आहे, आणि शाफई मसलकात कुत्र्याचेही. कोकणातले बहुतेक बंधू शाफई असल्याने हा फरक नोंदवला. गाडीच्या सीटला सहसा डुकराचे चामडे वापरत नाहीत. ते बूट-हातमोज्यांच्या अस्तरात आढळते आणि तीन-तीन छिद्रांच्या पुंजक्यांवरून ओळखू येते. बाकी मसला आपल्या आलिमांना विचारावा.

मुंबईत चामडे घ्यायचे तर धारावी. तिथले कातडी कमावण्याचे काम कधीच बाहेर गेले. आता तयार चामडे येते ते तामिळनाडूतील राणीपेट, आंबूर, वाणियंबाडीकडून आणि कानपूर, कोलकात्याकडून. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रातील प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्तीला मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्या बंदीत नाही. सीटसाठी म्हशीचे चामडे चांगलेच. दाणा जरा ठळक असतो, पण मजबुती भरपूर. जे काही घ्याल त्याचे पक्के बिल घ्या, त्यावर माल कशाचा हे लिहून घ्या आणि माल गाडीतून नेताना ते बिल जवळ ठेवा. रस्त्यात विचारणा झाली तर तोंडी खुलाशापेक्षा कागद कामास येतो. हे कशासाठी सांगतो ते वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

कापडवाल्याने चामडे खरेदी केले की त्याचा पहिला गोंधळ मापात होतो. कापडाला पन्हा असतो. मीटर सांगितले की हिशोब संपला. चामड्याला पन्हा नाही. प्रत्येक कातडे निराळ्या आकाराचे, आणि विकले जाते चौरस फुटावर. मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो. तो चौरस डेसिमीटरमध्ये असेल तर ९.२९ ने भागावे म्हणजे चौरस फूट निघतात. शिवाय सगळे कातडे सारख्या कसाचे नसते. पाठीचा भाग घट्ट आणि कमी ताणणारा, पोटाचा भाग सैल, मानेवर सुरकुत्या. बसण्याचा भाग पाठीतूनच कापावा. पोटाचा लावला तर सहा महिन्यांत सीटवर झोळ पडतो.

एक हिशोब करून दाखवतो. समजा सीटची बैठक २० बाय २० इंच, जाडी ५ इंच. पाठ २० बाय २६ इंच, जाडी ४ इंच. बैठकीचा वरचा भाग ४०० चौरस इंच, समोरची व दोन बाजूंच्या पट्ट्या ३००. पाठीचा पुढचा भाग ५२०, वरची व बाजूच्या पट्ट्या २८८. एकूण १५०८ चौरस इंच. १४४ ने भागले की साधारण साडेदहा चौरस फूट. शिलाईची दाब आणि वाया जाणारे तुकडे यांसाठी चौथा हिस्सा जास्त धरा, म्हणजे १३ चौरस फूट. पाठीची मागची बाजू रेग्झीनची करावी. तिथे कोणी बसत नाही. खर्च आणखी कमी करायचा आणि केबिन एसीची असेल तर फक्त बैठकीचा व पाठीचा पुढचा भाग चामड्याचा घ्यावा. तो नुकसानासह ८ चौरस फुटांत बसतो, आणि बाजू त्याच रंगाच्या रेग्झीनच्या. जाडी १.२ मिलिमीटरच्या आसपास पुरे. त्याहून जाड घेतले तर कोपरे वळत नाहीत.

काम स्वतः करायचे तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. ज्या गाडीच्या सीटच्या बगलेत एअरबॅग आहे, तशी खूण शिवलेली असते, तिला हात लावू नये; ते कव्हर विशिष्ट जागी उसवेल असे शिवलेले असते. हवेवर चालणाऱ्या सीटची नळी सांभाळून काढावी. खालचे बोल्ट सोडले की सीट बाहेर येते. कव्हर खालून तारेच्या बारीक कड्यांनी किंवा फळीवर चुका मारून बसवलेले असते. काढण्याआधी प्रत्येक बाजूचे मोबाईलवर फोटो घ्यावेत. कोणती तार कोणत्या खाचेत होती हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

जुने कव्हर फाडू नका. तेच तुमचा नमुना. एकेक तुकडा शिलाईवरून उसवा, आणि उसवण्याआधीच त्यावर नंबर घाला, वर-खाली दाखवणारा बाण काढा, जिथे दोन तुकडे जुळतात तिथे दोन्हींवर समोरासमोर खुणा करा. वापराने कापड ताणले गेलेले असते, म्हणून तुकडा थेट चामड्यावर न ठेवता आधी पुठ्ठ्यावर उतरवून कडा सरळ कराव्यात. दाब अर्धा इंच. चामड्यावर टाचण्या लावू नयेत. कापडातले भोक मिटते, चामड्यातले कायमचे राहते. कपडे वाळत घालण्याचे चिमटे उत्तम काम देतात. फोम बसला असेल तर याच वेळी बदला. दबलेल्या फोमवर नवे चामडे घातले तर ते पहिल्या दिवसापासून सुरकुतते, आणि ड्रायव्हरची कंबर तशीच दुखत राहते.

आता शिलाई. इथे आमचे मत ठाम आहे : शिलाई कुशनवाल्याकडूनच घ्यावी. घरचे शिलाई यंत्र चामड्याचे चार थर ओढत नाही. लागते ते असे यंत्र ज्याचा दाबपायही माल पुढे सरकवतो, आणि ज्याची सुई चामड्यासाठी धार केलेली असते. धागा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, सुती नको. सुती धागा घामाने कुजतो. टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत असे कापडात शिकलेला हात इथे घात करतो, कारण जवळजवळ भोके पडली की चामडे टपाल तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. कापणी तुमची, शिलाई त्याची, बसवणे पुन्हा तुमचे, अशी वाटणी केली तर खर्चही वाचतो आणि कामही बिघडत नाही. तयार कव्हरांच्या पाकिटांनी कुशनवाल्यांचे काम बरेच खाल्ले आहे. काही कारागीर गिऱ्हाईक स्वतःचा माल आणतो म्हटले की नाराज होतात. आमची त्यांना विनंती आहे की नाराज होऊ नये. फुटावर किंवा नगावर नुसत्या शिलाईचा दर ठरवून बोर्डावर लिहावा. कपडे शिवणारा दर्जी गिऱ्हाइकाचे कापड घेतोच की. मोठ्या शहरांत कार अॅक्सेसरीजच्या दुकानांशी टक्कर देण्यास त्याच्याजवळ हेच एक हत्यार आहे, की तो प्रत्येक गाडीच्या मापाने शिवतो.

बसवण्यासाठी ऊन असलेला दिवस निवडा. शिवलेले कव्हर अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवले की नरम पडते. पाठ आधी, बैठक नंतर. मध्यापासून सुरुवात करून कडांकडे ओढावे. एका कोपऱ्यापासून ओढत गेलात तर शिलाईची रेघ तिरकी जाते. चारही बाजूंनी आधी सैल अडकवा, रेघ सरळ आहे ना ते पाहा, मग घट्ट करा. जुन्या तारा नव्या कव्हरच्या पट्टीत घालाव्यात. कड्या मिळाल्या नाहीत तर प्लास्टिकचे केबल टाय चालतात. फळी असेल तिथे आधी सोल्यूशन लावून मग चुका. सोल्यूशन फोमच्या बैठकीवर ओतू नये, तिथे ते कडक होऊन टोचते. सीट गाडीत बसवल्यावर बोल्ट पुरते आवळून, बेल्टचे बक्कल कव्हराखाली दबले नाही याची खात्री करूनच गाडी हलवावी.

देखभालीत बहुतेकांचा हात तेलाकडे जातो. तयार सीटच्या चामड्यावर रंगाचा थर असल्याने खोबरेल किंवा सरसू तेल आत जात नाही, वर राहून धूळ धरते. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, धुण्याचा सोडा यांनी तो थर उतरतो. ओलसर फडके आणि अगदी सौम्य साबण, मग कोरडे फडके, एवढे पुरे. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सीटवर प्लास्टिक घालू नका, बुरशी धरते. जुनी सुती चादर घाला आणि काच बोटभर उघडी ठेवा. निदान तेवढ्यासाठी तरी कापड लागतेच.