बरोबरीचे मोल

बुद्धिबळात हार आणि जीत यांच्यामध्ये बरोबरी हा तिसरा निकाल असतो. सामान्य प्रेक्षक तो निष्फळ समजतो. खेळाडू तुल्यबळ असतील तर ते एक वेळ मान्य करता येईल. परंतु बलाबलात मोठे अंतर असले, की तीच बरोबरी दुबळ्याचा पराक्रम ठरते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोमंतभूमीत भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत याचा प्रत्यय आला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच्यासमोर अर्जेंटिनाचा अवघ्या १२ वर्षांचा फाउस्टिनो ओरो बसला. दोघांच्या आंतरराष्ट्रीय गुणांकनात सुमारे २०० गुणांची तफावत. तरीही दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पुढे जलद डावांत विदितने सामना जिंकला. त्याचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले. पण त्या मुलाने कमावलेले दोन अर्धे गुण कोणाच्या कृपेचे नव्हते.

हे लिहिताना आमचे लक्ष बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागाकडे वळते. गोव्याचा त्या मुलखाशी संबंध जुना आहे. १४७२ मध्ये बहामनी सैन्याने गोवा घेतला, तेव्हा त्या राज्याची राजधानी बिदर होती. आज तेथील भालकी, औराद, आळंद तालुक्यांतल्या मराठी घरांतील मूल भाषेने महाराष्ट्राचे, पण खेळाच्या निवडीसाठी कर्नाटकाचे. बिदरहून बंगळूर ६०० किलोमीटरांहून अधिक दूर!

समजा, तेथील १५०० गुणांच्या शाळकरी मुलाने १९०० गुणांच्या खेळाडूस बरोबरीत रोखले. अपेक्षेपेक्षा अधिक मिळविणाऱ्यास अधिक देणे, हे गुणांकनाचे तत्त्व आहे. त्यानुसार त्या एका डावात त्याच्या खात्यावर १६-१७ गुण जमा होतात. आपल्याच बरोबरीच्या मुलाशी डाव बरोबरीत सोडविला, तर मात्र काहीच पदरी पडत नाही. म्हणजे मोठा प्रतिस्पर्धी समोर बसल्याखेरीज लहानाची वाढ नाही. आणि त्यासाठी प्रवासखर्च, प्रवेशशुल्क आणि मुक्कामाची सोय हवी. गुणवत्तेची वाट अडते ती येथे, पटावर नव्हे.

विश्वचषकाचे यजमानपद भूषविणाऱ्या गोव्याने आपल्या खुल्या स्पर्धांत सीमाभागातील मुलांसाठी, मग ती मराठी असोत वा कानडी, काही जागा व निवासाची व्यवस्था राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. कोणी दयेने डाव सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. पटासमोरची खुर्ची तेवढी द्या. बरोबरी तो मुलगा स्वतः मिळवील.