रत्नागिरीची माणसं मोजताना

रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ७६ हजार २२९ भरली. मी शाळामास्तर. त्या फेब्रुवारीत प्रगणक म्हणून घरोघरी हिंडण्याचं काम माझ्याकडेही आलं होतं. म्हणजे या आकड्यात थोडी बेरीज माझ्या हातची आहे.

मांडवीजवळच्या एका घरात एक वृद्ध काकू एकट्याच राहत. ऐसपैस पडवी, मागे विहीर आणि माड. मी नावं विचारली, तशी त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि पाठोपाठ दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं.

"ही मंडळी कुठं असतात?"

"मुंबईस. पण गुरुजी, गणपतीला सगळी इथंच असतात हो. रेशनकार्डावर नावं आहेत. लिहा तुम्ही."

नियम असा, की ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो जिथं राहत असेल, तिथं त्याची नोंद. चाकरमानी मुंबईत मोजला जायचा. मी एकच ओळ भरली. काकूंनी चहा दिला, पण पुढे बोलल्या नाहीत.

त्याच दुपारी मिरकरवाड्याकडे एका खोलीत आठ नेपाळी तरुण भेटले, मच्छीमार नौकांवरचे खलाशी. कुणाला जन्मतारीख ठाऊक नव्हती, तर कुणी लाजून बायकोचं नाव सांगेना. आठही ओळी भरल्या. सकाळी काकूंची सात माणसं नाकारलेला मी, दुपारी आठ जणांना रत्नागिरीकर करून बाहेर पडलो!

नियमात चूक नाही. पण आमचं शहर महिन्यागणिक बदलतं. फेब्रुवारीत मासेमारी चालू असते आणि आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार असतात. मे महिन्यात मुंबईकर मुलाबाळांसह येतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्र बंद, तेव्हा खलाशी गावी जातात. भाद्रपदात घराघरांत पाय ठेवायला जागा उरत नाही.

जिल्ह्याचे आकडे हेच सांगतात. २००१मध्ये १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती, २०११मध्ये १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती इथं घटली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. राज्यात मात्र ९२९. हे ऐकून पाहुणे आमचं कौतुक करतात. त्यांना सांगावं लागतं, की पुरुष पोटासाठी बाहेर गेले, त्याचा हा हिशेब आहे. १९९८मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला, तेव्हा माणसं परततील असं आम्हाला वाटलं होतं. येणं सोपं झालं, तसं जाणंही.

एका ओळीनं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. नगरपरिषदेच्या सदस्यांची संख्या या आकड्यावर ठरते, अनुदानाचा हिशेबही त्यावरच. मे महिन्यात शीळ धरणाचं पाणी खाली जातं आणि नेमकी तेव्हाच नळाखाली कळशी लावणारी माणसं वाढतात. ती या आकड्यात नसतात.

२०२१ची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भदिवस ठरला आहे. मी निवृत्त झालो, तेव्हा वही दुसऱ्या कुणाच्या हाती असेल. काकू गेल्या. घर गणपतीत पाच दिवस उघडतं, फेब्रुवारीत दाराला कुलूप असतं.