शिसपेन्सिल, शिंपला आणि बार्टलेट डोंगर

आपण सगळे लहानपणी शिसपेन्सिलीने लिहायला शिकलो. त्या पेन्सिलीत शिसं औषधालाही नसतं. असतं ते ग्रॅफाइट. मग नावात शिसं कुठून आलं? काळपट, चकचकीत, कागदावर रेघ उमटवणारं जे काही मिळेल त्याला जुने लोक शिशाच्याच कुळातलं समजत. आजचा आपला विषय असलेलं मॉलिब्डेनम याच गोंधळातून जन्मलं. ग्रीक भाषेत 'मॉलिब्डोस' म्हणजे शिसं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

आमचा विषय तत्त्वज्ञान, भूविज्ञान नव्हे. पण एका खाणीच्या इतिहासाने आम्हाला एक जुना प्रश्न नव्याने विचारायला लावला: एखाद्या गोष्टीचा 'शोध लागला' असं नेमकं केव्हा म्हणायचं?

आधी खनिजाकडे पाहू. मॉलिब्डेनाइट म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधक यांचं संयुग. नखाने ओरखडा निघेल इतकं मऊ, पापुद्र्यांचं, निळसर करडं. 1778 मध्ये स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने दाखवून दिलं, की हे ग्रॅफाइटही नाही आणि शिशाचं खनिजही नाही. 1781 मध्ये येल्म याने त्यातून धातू वेगळा केला. म्हणजे पुस्तकात ज्ञान आलं होतं. डोंगरावर मात्र ते पोचायचं होतं.

आता अमेरिकेतल्या कोलोरॅडोत चला. 1870 च्या दशकात लेडव्हिलजवळ सोनं धुणारे लोक एका जड काळ्या वाळूला शिव्या घालत, कारण ती त्यांच्या कामात अडथळा आणी. पुढे कळलं, की त्या वाळूत चांदीयुक्त शिसं आहे. मग चांदीसाठी झुंबड उडाली. त्याच धामधुमीत, 1879 मध्ये, चार्ल्स सेंटर नावाच्या माणसाला फ्रीमाँट खिंडीजवळच्या बार्टलेट डोंगरावर करड्या खनिजाच्या शिरा दिसल्या. ती चांदी नव्हती, शिसंही नव्हतं. काय होतं, ते त्याला सांगता येईना. तरी त्याने जागेवर हक्क नोंदवला.

आपल्या दर्शनांत शिंपल्यावर चांदीचा भास होण्याचं उदाहरण येतं. तिथे समोर शिंपला असतो आणि आपण चांदी पाहतो. सेंटरची गंमत वेगळी. तो चांदी शोधत होता, समोरचं चांदी नाही हे त्याला कळलं, पण जे आहे ते काय, हे कळायला 1890 चं दशक उजाडलं. तेव्हा एका रसायनतज्ज्ञाने त्यात मॉलिब्डेनम असल्याचं सांगितलं. आणि तरीही काही घडलं नाही, कारण गिऱ्हाईकच नव्हतं!

गिऱ्हाईक आणलं पहिल्या महायुद्धाने. पोलाद कठीण करायला टंगस्टन लागे. त्याच्या जागी वजनाने साधारण निम्मं मॉलिब्डेनम पुरतं. 1915 च्या सुमारास क्लायमॅक्सला खाणकाम सुरू झालं, 1918 मध्ये कंपनी उभी राहिली, युद्ध संपताच 1919 मध्ये खाण बंद पडली आणि 1924 मध्ये पुन्हा उघडली. खडक तोच होता. माणसांची गरज बदलत होती.

हे खनिज तिथे आलं कसं? सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी फार जुन्या खडकांत सिलिकायुक्त शिलारस खालून घुसला. तो थंड होताना त्यातून तापलेलं, दाबाखालचं पाणी सुटलं, वरचा खडक तडकला आणि असंख्य बारीक भेगांत गारगोटीबरोबर मॉलिब्डेनाइट बसलं. हे एकदाच झालं नाही. स्ट्युअर्ट वॉलेस आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये मांडलं, की शिलारस पुन्हा पुन्हा घुसला आणि दर खेपेला पालथ्या वाडग्यासारखा एक साठा तयार झाला. सगळ्यांत वरचा तर बहुतेक झिजून गेला.

या समजुतीचं मोल बघा. 1960 च्या दशकात अशाच विचाराने कोलोरॅडोतल्याच रेड माउंटनखाली भोकं पाडली, आणि शिखराच्या सुमारे एक किलोमीटर खाली हेंडरसनचा साठा सापडला. 1976 मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. सेंटरला दिसलं पण कळलं नव्हतं. इथे आधी कळलं, मग दिसलं.

म्हणून आम्ही म्हणतो, शोध ही एका क्षणाची गोष्ट नव्हे. दिसणं, ओळखणं, गरज पडणं आणि कारण उमगणं, या चार पायऱ्या आहेत. चारींचं श्रेय एका माणसाला देता येत नाही.

आणि एक पाचवी पायरी राहते: किंमत मोजणं. टनभर खडकातून हाती येतं ते काही किलो खनिज. बाकीचा भुगा कुठेतरी टाकावाच लागतो. क्लायमॅक्सच्या त्या गाळाखाली रॉबिन्सन आणि कोकोमो ही चांदीच्या काळातली गावं गाडली गेली. ज्या चांदीच्या शोधात माणसं त्या खोऱ्यात आली, तिच्या खुणा त्यांना न ओळखता आलेल्या खनिजाच्या गाळाखाली आहेत. पुढच्या वेळी शिसपेन्सिल हातात घ्याल, तेव्हा एवढं आठवा: नाव देणं सोपं, ओळखणं अवघड, आणि ओळखल्यावर काय करायचं हे ठरवणं त्याहून अवघड.