लेओव्हिलचा एक वाटा

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग असलेल्या घरात मोरचूद आणि चुना असतोच. माझे वडील दोन्ही वेगवेगळ्या ड्रममध्ये भिजत घालायचे, मग एकत्र करून बोर्डो मिश्रणाची फवारणी व्हायची. पुढे कितीतरी दिवस पानं निळसर दिसायची. हे औषध ज्या गावच्या रस्त्यावर सापडलं, त्याचं नाव मात्र आमच्याकडे कुणी घेत नाही. ते गाव सँ-ज्युलिएँ. फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्डो शहराच्या उत्तरेस, जिरोंद नदीच्या रुंद मुखाच्या काठावर. १८८२ साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथल्या मळ्यांतून चालले होते. डाऊनी मिल्ड्यू या बुरशीने वेली बोडक्या केल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं शाबूत होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद-चुन्याचं पाणी मारलं होतं. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आमच्या तीन पिढ्यांच्या बागा त्या औषधावर तगल्या आहेत.

मला सगळ्यांत आवडणारी रेड वाइनही याच गावची आहे: शातो लेओव्हिल बार्टन.

लेओव्हिल हा एकेकाळी एकच अवाढव्य मळा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत एक वाटेकरी देश सोडून गेला, त्याचा हिस्सा जप्त होऊन विकला गेला, आणि फिरत फिरत १८२६ साली तो ह्यू बार्टन या मूळच्या आयरिश घराण्यातल्या व्यापाऱ्याच्या हाती आला. उरलेला मळा १८४० मध्ये मूळ कुटुंबातच दोन भागांत विभागला गेला. असे तीन लेओव्हिल झाले: लास काझ, प्वाफेरे आणि बार्टन. १८५५ साली बोर्डोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा तिन्हींना दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली. ती प्रतवारी आजही चालते.

वाटण्यांनी जमिनीचे तुकडे होताना आम्ही गावोगाव पाहतो. म्हणूनच बार्टनांच्या वाट्याचं पुढे काय झालं, ते मला मोलाचं वाटतं. त्याचा पुन्हा तुकडा पडला नाही आणि तो विकलाही गेला नाही. आज तो लिलियन बार्टन आणि त्यांची मुलं सांभाळतात. १८५५ च्या यादीतले फार थोडे मळे अजून त्याच घराण्यांकडे आहेत.

हे सोपं नव्हतं. ह्यूचे आजोबा थॉमस १७२० च्या दशकात बोर्डोत आले आणि वाइनच्या व्यापारात मोठे झाले. पण परक्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता राजाकडे जमा होण्याचा कायदा तेव्हा फ्रान्समध्ये होता, म्हणजे कमावलेलं वारसांना मिळेलच याची खात्री नव्हती. क्रांतीत ह्यूला तुरुंगवास घडला, सुटल्यावर तो आयर्लंडला गेला आणि मागे पेढी सांभाळली ती दानिएल गेस्तिए या त्याच्या फ्रेंच भागीदाराने. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तसाच प्रसंग आला. मालक रोनाल्ड बार्टन ब्रिटिश सैन्यात होते, म्हणजे जर्मनांच्या लेखी शत्रू. गेस्तिए घराण्यातल्याच माणसाने जर्मन अधिकाऱ्यांना पटवून दिलं की बार्टन आयरिश आहेत आणि आयर्लंड तटस्थ देश आहे. मळा वाचला. दोन घराण्यांनी एकमेकांची पत इतकी वर्षं राखावी, याचं मला फार अप्रूप आहे.

मी तो मळा पाहिला तो काढणीच्या तोंडावर. आमच्यासारखे मांडव नाहीत, वेली चढवायचे वाय आकाराचे उंच आधार नाहीत. वेल कमरेएवढी आणि घड जवळजवळ गुडघ्याशी. हेक्टरी सुमारे ९,००० वेली, म्हणजे आमच्या बागेच्या तिप्पट-चौपट दाटी. वेलीवर मोजके घड. एका वेलीतून बाटलीभरसुद्धा वाइन निघत नाही. पायाखाली माती कमी आणि नदीने आणून टाकलेले गोल गुळगुळीत गोटेच जास्त. पावसाचं पाणी त्यातून झटकन खाली जातं, मुळ्या ओलाव्यासाठी खोल उतरतात आणि दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळी घडांना ऊब देतात. काबर्ने सोव्हिन्योंसारखी उशिरा पिकणारी जात तिथे पिकते ती त्यामुळेच. मळ्यात तीच सर्वाधिक, जोडीला मेर्लो आणि थोडी काबर्ने फ्राँ. एक मणी तोंडात टाकला. आमच्या थॉमसन जातीच्या मण्यापुढे अगदीच बारका, साल जाड, आत टणक बिया. चावल्यावर जिभेला तुरटपणा आणि बोटांना जांभळा रंग. आम्ही मण्याची फुगवण व्हावी म्हणून धडपडतो, तिथे तो लहान राहावा यासाठी सगळा खटाटोप. रंग, वास, तुरटपणा बहुतेक सालीतच असतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त.

दुसरा फरक विश्रांतीचा. आमची वेल एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्यामध्ये कधी झोपतच नाही. तिथे ती हिवाळाभर निपचित असते, छाटणी एकदाच होते आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पीक हाताने खुडतात.

लेओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडा नाही. बार्टन राहतात शेजारच्या लांगोआमध्ये. तो मळा आणि १७५८ सालचा वाडा ह्यूने १८२१ मध्ये घेतला होता. रस वर्षानुवर्षं आंबत आला तो मोठ्या लाकडी पिंपांत. शेजाऱ्यांनी स्टील आणलं तेव्हाही यांनी लाकूड सोडलं नाही. पुढे ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत वाइन दीडेक वर्ष मुरते, त्यातली काही नवी, काही वापरलेली. सगळीच नवी असती तर लाकडाच्या वासाखाली फळ दबलं असतं. या घराची नजाकत मला इथेच दिसते: जिथे आणखी काही करता आलं असतं, तिथे हात आखडता घेतला आहे.

कोवळी असताना ही वाइन कडक असते, हिरड्या आवळून येतात. दहा-पंधरा वर्षांनी तुरटपणा मऊ होतो, ब्लॅककरंटच्या फळामागून देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान आणि नुकत्याच छिललेल्या पेन्सिलीचा वास येतो. गोडवा नाही, जडपणा नाही. घोट गेल्यावर चव बराच वेळ तोंडात राहते.

अँथनी बार्टन यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. १९८३ मध्ये काका रोनाल्डकडून मळा त्यांच्याकडे आला आणि २०२२ मध्ये ते गेले. बोर्डोत वाइन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात तिचा भाव फुटतो. चांगल्या वर्षी शेजारी भाव चढवत नेत, तेव्हा अँथनी आपला भाव आवाक्यात ठेवत. वाइन प्यायला विकायची, साठेबाजांना नाही, ही त्यांची धारणा होती. ‘डिकँटर’ मासिकाने २००७ मध्ये त्यांना वर्षाचा मानकरी ठरवलं. माल नावाजला जात असताना भाव न वाढवणं किती कठीण असतं, हे ज्याने बाजार समितीत क्रेट उतरवले आहेत त्याला सांगावं लागत नाही.

तरीही ही बाटली स्वस्त नाही. आधी लांगोआ बार्टन घ्या: तेच हात, तेच गाव, प्रतवारीत एक पायरी खाली, किंमत कमी आणि लवकर तयार होणारी. प्यायच्या तासभर आधी सुरईत ओता आणि आपल्याकडच्या खोलीपेक्षा थोडी गार ठेवा. सोबत मटण उत्तम, पण तिखट बेताचं हवं; जास्त तिखटाने वाइनचा तुरटपणा बोचरा होतो. आमच्याकडे ही बाटली उघडायच्या दिवशी मटण आलं-मिरं घालून तुपावर परततात, काळा मसाला नाही.